संगमाच्या खाली कोणाचं नाव

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या नकाशा कार्यालयाचे संचालक साहेब. त्यांच्या शेजारी बसून मधूनमधून घड्याळ बघणारे छपाई विभागाचे आदरणीय व्यवस्थापक. ज्यांच्यामुळे आपल्याला आज कामाच्या वेळेत काम सोडून इथे येऊन बसता आलं, ते आज निवृत्त होणारे आपले थोरले. पहिल्या रांगेतल्या वहिनी, त्यांची लेक, जावईबापू. आरेखन, अक्षरलेखन, मोजणी आणि छपाई या चारही विभागांतले माझे सहकारी. आणि आत जागा असूनही दारातच उभे राहिलेले मित्रहो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मला बोलायला थोडाच वेळ दिला आहे. कार्यक्रम ठरवणाऱ्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना दोष देत नाही. पण माइक एकदा हातात आला की तो काढून घ्यायला कोणाला तरी उठून यावं लागतं, आणि खुर्चीवरून उठण्याच्या बाबतीत आपल्या कार्यालयाची ख्याती सर्वांना माहीत आहे. तेव्हा मी निर्धास्त आहे.

आधी एक खुलासा करतो. व्यासपीठाच्या बाजूला जे टेबल मांडलं आहे आणि ज्यावर पांढरं कापड घातलं आहे, त्याखाली खाण्याचं काही नाही. सकाळपासून बऱ्याच जणांनी कापडाचं टोक उचलून पाहिलं, म्हणून सांगतो. छपाईच्या व्यवस्थापकांनीही पाहिलं, आणि पाहिल्यापासून त्यांचं घड्याळाकडे लक्ष आहे. थोरल्यांना आम्ही विचारलं होतं, तुम्हाला निरोपाची भेट काय देऊ? घड्याळ देऊ, आरामखुर्ची देऊ, प्रवासाची बॅग देऊ? ते म्हणाले, मला काही नको, माझं टेबल तेवढं सभेत आणून ठेवा. म्हणून चौघांनी मिळून ते जिन्यावरून खाली आणलं. का आणलं, ते सांगण्यासाठीच मी उभा आहे. थोरल्यांचे गुण बाकीच्या वक्त्यांनी सांगितले, आणि त्यातले बरेचसे खरेही आहेत.

जावईबापू आणि बाहेरून आलेली पाहुणेमंडळी यांच्यासाठी थोडं मुळापासून सांगायला हवं. आपला देश मोठा आहे. किती मोठा, ते त्याचा नकाशा काढणाऱ्याला विचारा, कारण मान त्याची दुखते. या देशाच्या मोठ्या नद्या सहा. तुम्ही सगळ्यांनी शाळेत त्यांची नावं पाठ केली असतील, आणि परीक्षेत त्यांची अदलाबदलही केली असेल. आमच्या आरेखन विभागात मात्र ती नावं कोणी घेत नाही. घरात आईला कोणी नावाने हाक मारतं का? आमच्याकडे त्या थोरली, मधली, धाकटी, आडवी, सून आणि लेक. एकेका नदीचा एकेक माणूस ठरलेला. आपली नदी आपणच मोजायची, दरवर्षी तिच्याकडे जाऊन यायचं, आणि भिंतीवरच्या मोठ्या नकाशाची नवी आवृत्ती निघाली की मूळ शीटवर ती आपणच हाताने काढायची. होय, हाताने. बाकी सगळं यंत्रावर होतं, पण ही एक शीट हाताने काढायची, हा आमचा हट्ट आहे, आणि आजवरच्या संचालकांनी तो कोणी कौतुकाने, कोणी कपाळाला आठ्या घालून चालवून घेतला आहे.

सून ही शेजारच्या देशातून आपल्याकडे आली. येताना इतका गाळ घेऊन येते की आपली सगळी सपाटी तिच्या आणलेल्या मातीची आहे. तरी पूर आला की लोक म्हणतात, ही बाहेरची. सासरच्यांचं बोलणं कधी चुकलंय? लेक आपल्याकडे जन्मते आणि सरहद्दीपलीकडे जाते. तिच्या माणसाने रेघ सरहद्दीपर्यंत आणायची आणि पेन उचलायचं, असा नियम. आमचे लेकवाले दरवेळी पेन जरा उशिरा उचलतात. शेजाऱ्यांच्या हद्दीत एक टिंब जातं. मग ते ब्लेडने खरवडायचं. त्यांना कोणी रागावत नाही, त्यांना दोन मुली आहेत. धाकटी किनाऱ्याजवळची, आखूड आणि खट्याळ, दोन पावसाळे एका पात्रात राहील तर शपथ. तिच्या माणसाचं निम्मं आयुष्य पुसण्यात गेलं. आणि आडवी माझी. सगळ्या नद्या सरळ उतरतात, माझी देशाच्या मधोमध आडवी जाते आणि उन्हाळ्यात अर्धी वाटेतच जिरते, म्हणून ती तुटक रेघेने दाखवावी लागते. या नदीवरून कार्यालयात मला सगळे आडवे म्हणतात. माझ्या स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही, असं बायको सोडून सगळे मान्य करतात.

राहिल्या थोरली आणि मधली. देशाच्या या दोन सगळ्यांत मोठ्या नद्या. एक पश्चिमेच्या डोंगरातून येते, दुसरी उत्तरेच्या सरोवरांतून, आणि देशाच्या पोटात त्यांचा संगम होतो. संगमाच्या खाली एकच नदी समुद्रापर्यंत जाते, आणि तिच्या काठी देशातली अर्धी मोठी शहरं आहेत. वहिनींचं माहेरही तिथलंच. त्या एका नदीला नाव कोणाचं? पूर्वीपासून थोरलीचं. कारण नियम असा आहे की संगमापाशी जी जास्त पाणी आणते, तिचं नाव पुढे चालतं. आपल्या वाडवडलांनी, म्हणजे कार्यालयातल्या वाडवडलांनी, कधीकाळी भर पावसाळ्यात माप घेतलं, थोरली दुथडी भरून वाहत होती, आणि त्यांनी निकाल दिला. त्यावर कोणी शंका घेतली नाही.

आता संगम काढायची आमची रीत सांगतो, म्हणजे टेबलाचा उलगडा होईल. दोन्ही नद्यांच्या माणसांनी एका टेबलाशी बसायचं. दोघांनीही आपापली रेघ संगमाच्या बोटभर अलीकडे आणून ठेवलेली असते. मग लहान नदीच्या माणसाने आधी पेन टेकवायचं आणि आपली नदी संगमापाशी आणून सोडायची. त्यानंतर मोठीच्या माणसाने आपली रेघ आणायची, तिला सामावून घ्यायची आणि पुढे समुद्राकडे न्यायची. बोलायचं काही नाही. ज्याने आधी पेन टेकवलं, त्याने आपण होऊन सांगितलं की माझी लहान. हे तपासायला तिसरा माणूस नसतो. दोघांनी एकमेकांचं तपासायचं. इतके दिवस ही रीत आम्हाला फार शहाणपणाची वाटायची.

थोरली आपल्या थोरल्यांकडे, हे सांगायला नको. मधली आहे मधल्या बाईंकडे. त्या बघा, चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून बसल्यात. केव्हाही उठून जाता यावं म्हणून कडेची खुर्ची. बाई, आज जाऊ नका, एवढी विनंती.

बाई आमच्याकडे आल्या त्या अक्षरलेखनात. गावांची नावं लिहायच्या, अक्षर असं की गावांनी त्या नावाला शोभेल असं वागावं. मधलीचे जुने आरेखक निवृत्त झाले तेव्हा ती नदी घ्यायला ज्येष्ठांची रांग लागली होती. थोरल्यांनी सगळ्यांना बाजूला सारून नदी बाईंना दिली. त्या वेळी किती नाकं मुरडली गेली हे मला माहीत आहे, कारण त्यांत एक माझं होतं. थोरल्यांनी त्यांना हाताला धरून शिकवलं. होडीत उभं कसं राहायचं, दोर किती ताणायचा, पाण्याचा वेग बघताना आपल्या मनात आधीच एक आकडा आलेला असतो तो कसा बाजूला ठेवायचा. बाई त्यांना सर म्हणायच्या. एकमेकांच्या डब्यातलं खायचे, एकमेकांची रेघ भिंगाखाली धरून चुका काढायचे. दोघांचं भांडण झालं तर विभागात हसू पिकायचं, कारण भांडण शाईच्या दाटपणावरून असायचं आणि चहापर्यंत टिकायचं.

पुढे बाईंच्या डोक्यात आलं की जुनं माप एका पावसाळ्याचं आहे, आपण वर्षभराचं घेऊ. त्यांनी थोरल्यांची परवानगी मागितली. थोरले म्हणाले, नदी तुमची, माप तुमचं, मला काय विचारता? बाई सगळ्या ऋतूंत संगमावर जाऊन राहिल्या, आणि एक वर्ष फसवं असेल म्हणून पुन्हा दुसऱ्या वर्षीही गेल्या. आणि निघालं काय? थोरली पावसाळ्यात गाजते, पण उन्हाळ्यात आटते. मधली सरोवरांतून येते, ती बारा महिने एकसारखी वाहते. वर्षाचा हिशेब केला तर मधलीचं पाणी जास्त. मंडळी, आपल्या घरोघरी हेच नाही का? लग्नकार्यात आवाज थोरल्या जाऊबाईंचा, आणि वर्षभराचा स्वयंपाक मधलीचा.

माप आलं तेव्हा बाईंचा चेहरा पडला. थोरल्यांनी ते शांतपणे वाचलं, मग स्वतः संगमावर गेले, पुन्हा मोजलं, आणि परत येऊन म्हणाले, बरोबर आहे. वहिनींना त्यांनी घरी सांगितलं की तुमच्या माहेरची नदी बदलली. वहिनी म्हणाल्या, ती समुद्राला मिळते ना अजून? मग जेवायला बसा.

ठरल्या दिवशी दोघं संगम काढायला टेबलाशी बसले. मी शेजारच्याच टेबलावर होतो, म्हणून हे ऐकीव नाही. थोरल्यांनी पेन उचललं. आधी. म्हणजे माझी लहान. बाईंनी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, सर, ठेवा ते, आधी मी. ते म्हणाले, नियम काय आहे? त्या म्हणाल्या, नियम मला माहीत आहे, पण तुमच्या नदीवर मी माझ्या नदीचं नाव घालणार नाही. असं थोडा वेळ चाललं. दोन माणसं एकमेकांना मोठं करण्यासाठी भांडताना मी पहिल्यांदा पाहिली, आणि सांगतो, ते भांडण साध्या भांडणापेक्षा वाईट असतं, कारण मधे पडायला जागाच नसते. शेवटी थोरले पेन बाईंच्या बाजूला ठेवून उठले. बाई शीट थोरल्यांच्या बाजूला सरकवून उठल्या. आणि दुसऱ्या दिवशी बाईंनी साहेबांना कळवलं की माझ्या मापात चूक असावी, ते मी मागे घेते.

आता गंमत ऐका. थोरल्यांना वाटलं, पेन बाईंकडे ठेवलंय, त्यांनी संगम पुरा केला असेल. बाईंना वाटलं, शीट सरांकडे सरकवलीय, त्यांनी केला असेल. रुसव्यापायी कोणी पाहायला गेलं नाही, आणि तिसरा माणूस तपासायला नसतोच. संगमाच्या खालची नदी थोरल्यांनी जुन्या मापाच्या भरवशावर आधीच काढून ठेवली होती. शीट छपाईला गेली, छापून आली, देशभरातल्या शाळांच्या भिंतींवर लागली. आणि त्या नकाशात देशातल्या दोन सर्वांत मोठ्या नद्या एकमेकींजवळ येतात आणि बोटभर अंतरावर थांबतात. खाली कुठूनतरी तिसरीच एक नदी सुरू होते. व्यवस्थापक साहेब, तुम्ही हसताय, पण तेव्हा हसला नव्हतात.

एका शाळेतल्या भूगोलाच्या बाईंचा फोन आला. तो माझ्या वाट्याला आला. त्या म्हणाल्या, मुलं विचारतात, या दोन नद्या भेटत का नाहीत, काय सांगू? मी म्हटलं, बाई, त्यांचं सध्या बोलणं बंद आहे.

ते खरंच बंद होतं. दुरुस्तीचा कागद काढला, शाळांना पाठवला, त्यावर जुन्या नावाने संगम जोडून दिला, कार्यालयाची अब्रू कशीबशी झाकली. पण या दोघांचं बोलणं जे थांबलं ते थांबलं. टेबलं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आणि मधे मी. आडवे, बाईंना सांगा, पुलाजवळचं वळण पुन्हा बघा. आडवे, सरांना सांगा, बघितलं. एकाचं वाक्य दुसऱ्याला ऐकू गेलेलं असायचं, तरी मी ते पुन्हा म्हणायचो, कारण माझ्याखेरीज ते पोचलेलं धरलं जात नसे. निवृत्तीनंतर माझ्या कामाचा दाखला देताना साहेबांनी याचाही उल्लेख करावा.

पण कोणी गैरसमज करून घेऊ नये. हे वैर नव्हतं. थोरल्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा बाई सबंध दिवस वहिनींबरोबर दवाखान्यात बाकावर बसून होत्या, आणि थोरले शुद्धीवर आले म्हटल्यावर उठून निघून गेल्या. बाईंच्या वडिलांचं झालं तेव्हा घाटावरची सगळी व्यवस्था थोरल्यांनी केली, आणि बाईंना सांगायला मला पाठवलं. मायेला तोटा नव्हता. बोललो तर तोच विषय निघेल, या भीतीने दोघंही गप्प. मला विचाराल तर मला या दोघांचा रागही यायचा. एवढं एकमेकांचं चांगलं चिंतायचं, आणि त्याचा ताप तिसऱ्याच्या डोक्याला.

आता नवी आवृत्ती निघते आहे. ती शीट त्या कापडाखाली आहे. सगळा देश काढून झाला आहे. सून आली आहे, लेक गेली आहे, धाकटी या वेळी कुठे आहे तिथे आहे, माझी आडवी वाटेत जिरली आहे. फक्त संगम राहिला आहे, आणि या वेळी संगमाच्या खालची नदीही कोरी आहे, नुसती पेन्सिलीची. थोरल्यांनी ती शाईने काढायला साफ नकार दिला. ते म्हणाले, ती माझी नाही. बाई म्हणाल्या, माझीही नाही. आणि छपाई डोक्यावर आली आहे.

संचालक साहेबांनी वेगळा उपाय काढायचा प्रयत्न केला. पण आपल्या नियमात नदीचं माप तिच्या माणसाचंच धरतात. बाईंनी आपलं माप मागे घेतलं, म्हणजे कागदोपत्री ते नाहीच. ते पुन्हा खरं करू शकतात त्या फक्त बाई. आणि थोरलीच्या वतीने पेन टेकवू शकतात ते फक्त थोरले, तेही आज कार्यालय सुटेपर्यंत. उद्यापासून त्यांचा हात शीटला लागता कामा नये. आज झालं नाही तर जुनंच नाव छापलं जाईल, आणि खोटा नकाशा पुन्हा शाळाशाळांत लागेल. साहेबांनी मला आत बोलावून एवढंच सांगितलं की आज पेन जे सांगेल ते मी छापीन. साहेब, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, आणि वर्षभर तुमच्याविषयी जे बोललो ते मागे घेतो.

अहो, नावात असं काय आहे, असं पाहुण्यांना वाटेल. मलाही वाटायचं. काल शाईच्या खोलीत थोरले बाटल्या धुवून ठेवत होते. मी सहज म्हटलं, कशाला ताणता, जाऊ दे ना जुनंच नाव, तुमचीच नदी मोठी राहते, तुमचं काय जातं? त्यांनी बाटली खाली ठेवली. ते जे म्हणाले ते त्यांना न विचारता इथे सांगतो आहे, रागवायचं तर उद्यापासून रागवा.

ते म्हणाले, “आडवे, माझी नदी लहान निघाली याचं मला काही वाटलं नाही. एक दिवस वाटलं, मग गेलं. पण माझ्यासाठी तिने स्वतःचं माप खोटं पाडलं. मी तिला मोजायला शिकवलं होतं. माझा मान ठेवायला शिकवलं नव्हतं.”

एवढं बोलून ते पुन्हा बाटल्या धुवायला लागले. मी बाटल्या पुसायला लागलो.

बाई, मी तुमचंही ऐकलं आहे. ज्या माणसाने मला नदी दिली, त्याची नदी मी घेऊ? असं तुम्ही मला विचारलं होतंत. तुमच्या जागी मी असतो तर मीही कडेच्या खुर्चीवर बसलो असतो. पण कालपासून मी त्याच्यावर विचार करतो आहे. ती नदी त्यांची नव्हतीच, बाई. आपल्या सगळ्यांनाच वाटत होतं की ती त्यांची आहे. तुम्ही मोजलंत म्हणून कळलं. त्यांनी तुम्हाला जे दिलं ते नदी नव्हे, मोजणं दिलं. ते तुम्ही परत केलंत, आणि त्यांना ते परत नको आहे. माणूस आज रिकाम्या हाताने घरी जायला तयार आहे. हे एवढं ओझं घेऊन मात्र जाऊ देऊ नका.

मला आणखीही बोलायचं होतं. कागदावर एक दृष्टान्तही लिहून आणला होता. पण थोरले उठले आहेत. अध्यक्ष महोदय, हे कार्यक्रमात नाही, तरी चालवून घ्या. थोरले, पायरी जपून. कोणीतरी कापड काढा, आणि ती फुलं उचला, शीटवर पाणी पडेल. ते बसले. मागच्यांना दिसत नसेल तर सांगतो, त्यांनी चष्मा बदलला आहे, शाईच्या बाटलीचं झाकण काढलं आहे, आणि पेन उचललं आहे. आधी उचललं आहे.

बाई अजून बसून आहेत.

थोरलीची रेघ निघाली. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा हात पूर्वीसारखा राहिला नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. बोटभर अंतर आहे, पण ते सावकाश येताहेत. बाईंकडे त्यांनी मान वर करून पाहिलेलं नाही. वहिनी, तुम्ही बसा, ते करतील नीट.

बाई उठल्या. दाराकडे नाही, इकडे येताहेत. जागा द्या त्यांना, पाय आत घ्या. टेबलामागे येऊन उभ्या राहिल्या आहेत आणि वाकून रेघ बघताहेत. त्या काहीतरी म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मधे मी नाही. मागे ऐकू गेलं नसेल, म्हणून माझं नेहमीचं काम शेवटचं करतो. त्या म्हणाल्या, “सर, रेघ जाड होतेय. लहान नदीची आहे, बारीक ठेवा.”

मंडळी, थोरल्यांच्या रेघेला आजवर कोणी लहान म्हटलेलं नाही. म्हणायचा अधिकार फक्त मोठ्या नदीच्या माणसाचा असतो. आणि थोरल्यांनी ती बारीक केली आहे. त्यांनी मान हलवली आणि बारीक केली आहे. मला इथून त्यांचा चेहरा दिसतोय, तुम्हाला दिसत नाही, आणि तो कसा आहे ते सांगायला मला जमणार नाही.

त्यांनी पेन बाईंच्या हातात दिलं आहे. बाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

तेव्हा आता मी आवरतो. संचालक साहेबांचे आभार, व्यवस्थापकांचे आभार, वहिनींचे तर जन्मभराचे आभार, कारण त्यांनी हा माणूस आम्हाला उसना दिला आणि आज जवळपास धडधाकट परत घेतला. टेबल जिन्यावरून आणणाऱ्या चौघांचे आभार, ते उद्या वरही न्यायचं आहे. कोणाचं गुपित फोडलं असेल, कोणाची थट्टा जास्त झाली असेल, दिल्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला असेल, तर आपल्यातला म्हणून पदरात घ्या. आणि चहावाल्यांना कोणीतरी जाऊन थोडं थांबायला सांगा. बाईंनी मधली संगमाच्या खाली नेली आहे, समुद्र अजून बराच लांब आहे, आणि थोरले त्यांच्या शेजारी शीट धरून बसले आहेत.